बंदरापासून बांधापर्यंत

भारतातील सरकारी हवामान अंदाज सुरू झाला तो जहाजांसाठी. शेतकऱ्याचा विचार बऱ्याच उशिरा झाला. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली, तीही खगोलनिरीक्षणासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळले. त्यात साठ हजारांच्या आसपास माणसे दगावली असे मानले जाते. त्यानंतर त्या बंदराला वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था झाली.

पावसाकडे सरकारचे लक्ष वळवले ते दुष्काळाने. १८६५ साली ओडिशात पाऊस लवकर आटोपला आणि उभे भात करपले. तांदूळ बाहेरून आणावा लागेल हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात येईपर्यंत पुढचा पावसाळा तोंडावर आला होता. खवळलेल्या समुद्रातून माल उतरवणे अवघड झाले आणि चिखलात रस्तेही बंद पडले. या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. धान्य देशात नव्हतेच असे नाही; ते कधी हलवायचे हे कळले नाही.

१८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. हिमालयावर बर्फ जास्त पडले की मैदानात पाऊस उणा पडतो, असे त्यांना आढळले होते. काही वर्षे पडताळा घेऊन १८८६ पासून मोसमी पावसाचा नियमित अंदाज निघू लागला. त्यांच्यानंतरच्या जॉन एलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि त्याच वर्षी भीषण अवर्षण पडले. पुढे काही वर्षे अंदाज गोपनीयच ठेवले गेले. १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर गणिती होते. जगभरच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा झोका सापडला. एल निनोच्या आजच्या अभ्यासात हा शोध पायाभूत मानला जातो.

ही सारी खटपट दुष्काळी कामे आणि शेतसाऱ्याच्या हिशेबासाठी होती. गावातला माणूस नक्षत्रांवर, सहदेव-भाडळीच्या ठोकताळ्यांवर आणि विदर्भात भेंडवळच्या घटमांडणीवर विसंबून होता. यातले नक्षत्रांचे गणित तरी हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवरून ठरतात, म्हणून मृग दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटीच लागतो आणि कोणत्या सुमारास पाऊस यावा हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून कळते. ते सांगते सरासरी. यंदा मृग कोरडा जाणार की काय, याचे उत्तर त्यात नाही, आणि शेतकऱ्याला नेमके तेच हवे असते.

१९२८ साली विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथेच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली. जमिनीलगतच्या हवेचे तापमान, मातीतला ओलावा, पिकाला लागणारे पाणी यांची मोजमापे सुरू झाली. अभ्यास आभाळावरून बांधावर उतरला. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचे निवेदन लागू लागले. राज्य पातळीवरचा कृषी सल्ला मात्र १९७६ मध्ये, म्हणजे महाराष्ट्र १९७२ चा दुष्काळ भोगून बसल्यावर, सुरू झाला.

अंदाजाचा गरिबीशी संबंध कोरडवाहू शेतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. पहिल्या सरीवर पेरले आणि नंतर पावसाने ओढ दिली, की बियाणे जमिनीतच जाते. मग दुबार पेरणी, त्यासाठी पुन्हा बियाणे, कृषी सेवा केंद्राची उधारी किंवा सावकाराचे व्याज. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याखेरीज पेरू नये, असा सल्ला कृषी खाते देत असते. पुढचे पाच दिवस कोरडे आहेत हे आधी कळले, तर कर्जाची ही एक फेरी टळते. हंगामभराच्या सरासरीचा इथे फारसा उपयोग नाही. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रारूप मांडले. त्याचे कौतुकही झाले. पण २००२ चा दुष्काळ त्याला टिपता आला नाही आणि पुढच्याच वर्षी ते बदलावे लागले. चार-पाच दिवसांचा, जिल्ह्यापुरता अंदाज संगणकीय प्रारूपांमुळे हळूहळू हाती आला. २००८ पासून जिल्हावार सल्ले निघू लागले. मोबाइलवरचे संदेश आणि २०१९ चे ‘मेघदूत’ ॲप ही त्याचीच पुढची पायरी.

चक्रीवादळांच्या बाबतीत फळ ठळक दिसले. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली, तर २०१३ च्या फायलिनमध्ये मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. याचे श्रेय एकट्या अंदाजाला देता येणार नाही. निवारे बांधलेले होते आणि प्रशासनाने लाखो लोकांना वेळेवर हलवले. शेतात असा हुकूम कोणी सोडत नाही. पेरायचे की थांबायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे आणि अंदाज फसला तर तोटाही त्यानेच सोसायचा. २०१७ साली बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान विभागाविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार केली, ती याच तोट्यापायी.

अंदाज अचूक असला तरी तो शेतकऱ्याच्या पिकाच्या भाषेत सांगणारे माणूस लागते. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली गेली. फवारणी कधी करावी, काढणी लांबवावी का, हे तिथले तज्ज्ञ तालुक्यागणिक सांगत. २०२४ साली अशी जवळपास दोनशे केंद्रे बंद करण्यात आली आणि काम पुन्हा कृषी विद्यापीठांतील विभागीय केंद्रांकडे गेले. अशा एकेका केंद्राच्या वाट्याला आता अनेक जिल्हे येतात.