गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था
पुणे येथील संशोधनसंस्था. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० मध्ये स्थापन केली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. पदरी कायमचा निधी असल्याने अध्यापकांना चिकाटीची पाहणी करता आली. वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च त्यांनी शेतकऱ्यांकडून गोळा केला, आणि हेच संस्थेचे खरे वैभव. संस्थेतीलच वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास (१९७१) फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने झाला. माणशी रोज २,२५० उष्मांक हा त्याचा निकष. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन होऊन अशा संशोधनाला सरकारी अनुदानाची स्वतंत्र वाट खुली झाली. या परिषदेचे पहिले अध्यक्षही गाडगीळच होते. १९९३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.