अल्ताईचे लोहार आणि सोग्दी लेखनिक

तुर्क हे नाव इतिहासात ठळक होते ते सहाव्या शतकात, आणि तेही लोहारकामाच्या संदर्भात. अल्ताई पर्वताच्या परिसरातले आशिना घराणे रौरान या गवताळ प्रदेशातल्या सत्तेचे मांडलिक होते. धन्यासाठी लोखंड घडवणे हे त्याचे काम. घराण्याचा प्रमुख बुमिन याने रौरान राजकन्येला मागणी घातली, तेव्हा लोहार गुलाम म्हणून त्याला हिणवण्यात आले, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. ५५२ मध्ये बुमिनने रौरानांचा पराभव केला आणि खागान ही पदवी घेतली.

हे घराणे मुळात कुठले, यावर त्याच ग्रंथांचे एकमत नाही. एका कथेत त्याची आदिमाता लांडगी आहे, तर दुसरीकडे त्याचे पूर्वज कान्सूतल्या पिंगलियांगचे ‘मिश्र’ लोक ठरतात. दुसरी नोंद रूक्ष असली तरी तीच अधिक विचारात घेण्याजोगी आहे. बुमिन, इश्तेमी ही पहिल्या राज्यकर्त्यांची नावेही तुर्की भाषेतून सहज उलगडत नाहीत.

या राज्याचा सर्वांत जुना मोठा शिलालेख मंगोलियातल्या बुगुत येथे सापडला. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा लेख तुर्कीत नाही. त्याचा मुख्य मजकूर सोग्दी भाषेत, म्हणजे समरकंदकडच्या इराणी वंशाच्या व्यापाऱ्यांच्या भाषेत आहे. मागच्या बाजूचा मजकूर ब्राह्मी लिपीत असून त्याची भाषा मंगोल भाषांच्या जवळची असल्याचे अलीकडचे वाचन आहे. लढाई आणि घोडे तुर्कांकडे, हिशेब आणि पत्रव्यवहार सोग्दींकडे, अशी ही वाटणी होती. ५६८ मध्ये रेशमाच्या व्यापारासाठी कॉन्स्टँटिनोपलला पोचलेल्या तुर्क वकिलातीचा प्रमुख मानियाख हा सोग्दीच होता.

पुढे तुर्क राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यातल्या पश्चिमेकडच्या खागानाला सुयाब या शहराजवळ ६३० च्या सुमारास चिनी भिक्षू ह्युएन त्संग भेटला. पुढे महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे वर्णन करणारा प्रवासी तो हाच.

तुर्कांचे स्वतःच्या भाषेतले मोठे लेख त्यानंतर शतकभराने ओर्खोन नदीच्या खोऱ्यात उभे राहिले: राजपुत्र कुल तेगिनचा ७३२ मध्ये, त्याचा भाऊ बिल्गे खागानचा ७३५ मध्ये. त्यांची लिपी १८९३ मध्ये डॅनिश विद्वान विल्हेल्म थॉमसेन यांनी उलगडली. ७४४ मध्ये सत्ता उइघुर या दुसऱ्या तुर्की भाषक टोळीकडे गेली. ८४० मध्ये किरगिझांनी त्यांची राजधानी उद्ध्वस्त केली, तेव्हा अनेक उइघुर तुर्फानच्या मरूद्यानांकडे सरकले. तिथल्या तोखारी आणि इराणी बोलणाऱ्या वस्त्या पुढच्या काही शतकांत हळूहळू तुर्की बोलू लागल्या.