‘मिर्मिडन’च्या डेकवरून ओनिच्चाला

१८२२ चा एप्रिल. लागोसच्या किनाऱ्यासमोर इंग्रज आरमाराच्या ‘मिर्मिडन’ जहाजावर तुम्ही उभे आहात. पायाशी काही पोरं एकमेकांना बिलगून बसली आहेत. कालपर्यंत ती एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावर होती. इंग्रजांनी ते पकडलं. पोरं सुटली असं तुम्हाला वाटतं, त्यांना नाही. समोर मांस टांगलंय, शेजारी तोफेचे गोळे. मांस माणसाचं आणि गोळे म्हणजे कापलेली मुंडकी, अशी त्यांची खात्री झालीय. जवळ जाऊन निरखल्यावर खूर दिसतात आणि जीव भांड्यात पडतो. डुकराचं आहे!

त्यातला एक अजायी. योरुबा मुलखातल्या ओसोगुन गावावर १८२१ मध्ये धाड पडली, तेव्हापासून तो हातोहात विकला गेलाय. एकदा तर घोड्याच्या बदल्यात. लागोसला मोठ्या माणसांबरोबर एकाच साखळीत गळ्याने बांधला गेला होता. मोठी माणसं साखळी आपल्याकडे ओढायची आणि पोरांचे गळे आवळायचे. जहाजाचा कप्तान हेन्री लीक तुमच्या बाजूने निघून जातो. त्याचा चेहरा लक्षात ठेवा.

आता २९ जून १८६४, इंग्लंडमधलं कँटरबरी कॅथीड्रल. गर्दीत तुम्हाला कशीबशी जागा मिळालीय. आर्चबिशप लाँगलींसमोर तिघे जण बिशपपदाच्या दीक्षेसाठी उभे आहेत: एक पीटरबरोचा, एक टास्मानियाचा. लोक मान उंचावून पाहतायत ते तिसऱ्याकडे. रेव्हरंड सॅम्युअल अजायी क्राउथर, अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप. आणि तो चेहरा दिसला का? लीकच तो, आता अ‍ॅडमिरल झालाय. सुटकेनंतर सिएरा लिओनमध्ये या मुलाला अक्षरं शिकवणारी बाईही आलीय.

मधल्या बेचाळीस वर्षांत बाप्तिस्मा झाला, फ्रीटाउनच्या फूरा बे कॉलेजात पहिल्या विद्यार्थ्यांत नाव लागलं, लंडनला पाळकपद मिळालं, योरुबा शब्दसंग्रह छापला गेला. यातली एकच गोष्ट मला तुम्हाला प्रत्यक्ष दाखवावीशी वाटते. १८४६, आबेओकुटा. धाडीत ताटातूट झालेली आई, आफाला, पंचवीस वर्षांनी समोर येते. ती थरथरतेय. दोघं एकमेकांना धरून नुसती बघत राहतात. दीड वर्षाने तिलाही बाप्तिस्मा मिळाला, हॅना या नावाने.

कँटरबरीत परत या. समारंभ देखणा आहे, पण अधिकारपत्रातली मेख बघा. क्राउथरांचा मुलूख म्हणजे ‘राणीच्या राज्याबाहेरचा’ पश्चिम आफ्रिका. लागोस त्यात नाही. जिथे आई भेटली ते आबेओकुटाही प्रत्यक्षात नाही, कारण तिथल्या टाउनसेंडसारख्या गोऱ्या मिशनऱ्यांना काळ्या बिशपच्या हाताखाली काम नको होतं. चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन मात्र मनापासून म्हणत की आफ्रिकेचं चर्च आफ्रिकी माणसांनीच चालवावं. क्राउथरांना या पदासाठी राजी केलं त्यांनीच. तरी योरुबात बायबल आणणारा हा माणूस नायजर नदीकाठी पाठवला गेला. तिथे इग्बो, इजो, नुपे अशा भाषा, आणि बिशपना दुभाषा लागे. कित्येक वर्षं स्वतःची आगबोटही नव्हती. पामतेलाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या बोटीत घेतलं, तर बिशपचा दौरा. बिनघोड्याची सरदारकी म्हणतात ती हीच.

ऑगस्ट १८९०, ओनिच्चा. टेबलाभोवती मिशनची वित्त समिती बसलीय. क्राउथर ऐंशीच्या घरात आहेत. समोर केंब्रिजच्या वळणाचे, धर्मोत्साहाने पेटलेले तरुण गोरे मिशनरी. त्यांच्यातला विल्मट ब्रुक जेमतेम पंचविशीचा. बिशपच्या आफ्रिकी पाळकांवर एकामागून एक आरोप होतायत: कुणी व्यापार करतो, कुणाची वर्तणूक ठीक नाही. त्यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. शेकडो मैलांच्या नदीकाठी, अपुऱ्या माणसांच्या आणि उसन्या बोटींच्या बळावर चालवलेलं मिशन ते, ढिलाई होतीच. पण इथे तुम्ही पाहताय ती चौकशी नाही. मिशनचा सचिव ईडन बिशपच्या देखत त्यांच्या पाळकांना निलंबित करतो. असा अधिकार एकट्या सचिवाला कुठून आला, असं म्हातारा विचारतो आणि समितीचा राजीनामा देतो.

तुम्हाला मध्ये बोलावंसं वाटेल. पण इतिवृत्तात तुमचं नाव नाही.

पुढच्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. ३१ डिसेंबर १८९१ ला लागोसमध्ये ते वारले. जागेवर गोरा बिशप नेमला गेला. नायजरच्या मुखाकडच्या मंडळ्यांनी मात्र १८९२ मध्ये, बिशपांचे पुत्र आर्चडीकन डँडसन यांच्या पुढाकाराने, अँग्लिकन राहूनच मिशनरी सोसायटीचा कारभार झुगारला आणि आपला खर्च आपण उचलायला घेतला.