मेन्झेलचे निसर्गचित्र आणि मुलुंडची भातखाचरे

जर्मन वास्तववादी चित्रकार अ‍ॅडॉल्फ मेन्झेल याने १८४७ मध्ये 'बर्लिन-पॉट्सडॅम रेल्वे' हे निसर्गचित्र रंगविले. गावाबाहेरची मोकळी जमीन, तिला वळसा घेत कापणारा लोहमार्ग, क्षितिजावर पुसट बर्लिन. जमिनीला रम्य करण्याचा मोह त्याने टाळला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे चित्र साधन म्हणून मोलाचे वाटते ते याचमुळे.

सहाच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर-ठाणे गाडी साष्टीतील भातशेतीतून, आजच्या घाटकोपर-मुलुंड परिसरातून धावली. मुंबईची जे. जे. कलाशाळा निघाली १८५७ मध्ये. तोवर रूळ पडून गेले होते. उपनगरांच्या अभ्यासकाची भिस्त त्यामुळे मुख्यतः महसुली दप्तरावर. त्यात खाचराचे क्षेत्र आणि सारा मिळतो. पहिली गाडी गेली तेव्हा ते खाचर कसे दिसत होते, हे मिळत नाही.