नक्षी कोणाची?

आमच्या बीड जिल्ह्यात कापूस उदंड पिकतो. परंतु कापड म्हटले की आम्हांस मुंबई नाहीतर इचलकरंजी आठवते. वास्तविक या मुलखाचा कापडाशी संबंध फार जुना आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन पेठांची नोंद आहे. तगराकडचे साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरास जाई. पैठणपासून तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असे ग्रंथकार सांगतो. नकाशावर या दोन गावांना जोडणारी रेघ ओढून पाहावी. ती बीड शहराजवळूनच जाते.

ही विद्या शिकवीत कोण? शाळा नव्हती, घर हीच शाळा. पैठणीचा पदर विणताना रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या हातांनी फिरवीत मोर, पोपट, वेल उमटवावे लागतात. दोन्ही अंगांनी नक्षी सारखीच दिसली पाहिजे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरूची नक्षी तर जुन्या मागावर दोऱ्यांतच बांधलेली असे, आणि एक पोरगा मागावर उंच बसून ते दोरे ओढी. या कलेचे कौतुक करताना त्या पोराच्या बालपणाचा हिशेबही आम्ही मांडला पाहिजे. शिवाय घरची विद्या घराबाहेर जात नसे. बाहेरच्याने शिकावे कोठे?

मुंबईत दारे उघडली. 1857 मध्ये जे. जे. कलाशाळा निघाली, 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था. परंतु याच काळात एक फाळणी झाली. चित्र काढणारा एकीकडे गेला, यंत्र जाणणारा दुसरीकडे, आणि माग चालविणारा या दोघांच्याही खाली राहिला.

ही फाळणी आम्ही घरात पाहिली. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचे चालवीत. नक्षीचा चौकटींचा कागद वरच्या खोलीत तयार होई. त्या खोलीत साचेवाल्याला मज्जाव. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबला आणि वडील गावी परतले. हजारो वार कापड त्यांच्या हातून गेले होते. पण त्यावरील एका फुलाचाही कागद त्यांना वाचता येत नव्हता. हात होते, हुन्नर होता. कागद नव्हता, म्हणून दुसरीकडे उभे राहता आले नाही.

फाळणी सांधण्याचे प्रयत्न झाले, हेही नमूद केले पाहिजे. 1956 च्या सुमारास सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली. तेथे चित्रकार आणि विणकर एका छपराखाली बसले. पुढे मोठे नाव मिळविलेले चित्रकार प्रभाकर बरवे 1961 मध्ये अशाच केंद्रात नोकरीस लागले. वीस वर्षे कापडाच्या नक्षीनेच त्यांना भाकर दिली. त्याच वर्षी अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली. 1986 मध्ये दिल्लीस फॅशन तंत्रज्ञान संस्था, व 1995 मध्ये तिची मुंबई शाखा.

आज आमच्या जिल्ह्यातून दर हंगामास माणसे ऊसतोडीला जातात. त्यांची एखादी मुलगी शिवणयंत्रावर बसते, आणि ‘फॅशन डिझाईन शिकू का?’ असे विचारते. लोक हसतात. आम्ही हसत नाही. आम्ही सांगतो, बाई, अवश्य शीक. कागदावर आखणे शीक, कापडाचा पोत शीक, रंग शीक, आणि खर्चाचा हिशेबही शीक. नुसती शिलाई शिकलीस तर दर दुसराच ठरवील. नुसते चित्र शिकलीस तर मागावरचा माणूस तुला दिसणार नाही.

2010 मध्ये पैठणीला भौगोलिक ओळखीची नोंद मिळाली. गावाचे नाव राखले गेले. विणणाऱ्याचे नाव मात्र पदरावर अजून येत नाही. युनियनच्या कामात आम्ही आयुष्यभर मजुरीच्या दरासाठी भांडलो, ते योग्यच होते. परंतु वरच्या खोलीचे दार उघडा, अशी मागणी आमच्या निवेदनांत कधी लिहिली गेली नाही. ती चूक आमची. ती दुरुस्त करण्याचे काम आता तुमच्या मुलींकडे आहे. त्यांना शिकण्यास पाठवा.