हेडलाइटच्या रंगीत बल्बांची वैधता

मोटारगाडीच्या हेडलाइटमध्ये उत्पादकाने बसवलेला बल्ब काढून त्या जागी निळसर, जांभळट, पिवळा किंवा अतिशुभ्र प्रकाश देणारा बल्ब बसवणे कायदेशीर आहे की नाही, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. बहुतेक देशांत पुढच्या बाजूस पांढरा प्रकाश दाखवण्याची सक्ती आहे व काही देशांत पिवळ्यालाही परवानगी आहे. निळा, हिरवा, जांभळा किंवा लाल प्रकाश देणारी हेडलाइट सार्वजनिक रस्त्यावर सहसा कोठेही मान्य नाही. कायदा येथे बल्बच्या काचेचा रंग पाहत नाही, तर दिव्यातून बाहेर पडणारा प्रकाश पाहतो. त्यामुळे निळसर काचेचा बल्ब वैध असू शकतो आणि स्वच्छ काचेचा, पांढराशुभ्र प्रकाश देणारा बल्बही अवैध ठरू शकतो.

पांढऱ्या रंगाची व्याख्या

‘पांढरा’ हा शब्द कायद्यात मोघमपणे वापरलेला नाही. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये निश्चित केलेल्या रंग-आलेखावर प्रत्येक प्रकाशाला क्ष आणि य असे दोन निर्देशांक असतात. संयुक्त राष्ट्रांचे वाहनविषयक विनियम आणि अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेचे जे५७८ हे मानक, दोन्हींमध्ये पांढऱ्या रंगाची निळ्या बाजूची सीमा क्ष = ०.३१० आणि पिवळ्या बाजूची सीमा क्ष = ०.५०० अशी आहे. हिरव्या व जांभळ्या बाजूंनाही स्वतंत्र सीमारेषा आहेत. या चौकटीत बसणारा प्रकाश डोळ्यांना थोडा पिवळट वा निळसर भासला तरी कायद्याच्या दृष्टीने पांढराच असतो.

बाजारात मात्र बल्ब ‘केल्विन’ या रंग-तापमानाच्या एककावर विकले जातात. साध्या हॅलोजन बल्बचे रंग-तापमान सुमारे ३२०० केल्विन असते, तर गाडीसोबत येणाऱ्या झेनॉन दिव्यांचे ४१०० ते ४३०० केल्विनच्या आसपास असते. दिवसाच्या प्रकाशाचे प्रमाण म्हणून ६५०० केल्विनचा प्रकाश धरला जातो. त्याचा क्ष निर्देशांक सुमारे ०.३१३ आहे, म्हणजे तो सीमेच्या जेमतेम आत बसतो. वेष्टनावर ८००० किंवा १०,००० केल्विन छापलेला बल्ब खरोखरच तेवढ्या रंग-तापमानाचा असेल, तर त्याचा प्रकाश पांढऱ्या रंगाच्या सीमेबाहेर जातो. केवळ केल्विनच्या आकड्यावरून वैधता ठरत नाही, कारण एकाच रंग-तापमानाचे दोन प्रकाश हिरव्या वा जांभळ्या बाजूस वेगवेगळे झुकलेले असू शकतात.

रंग कसा आणला जातो

हॅलोजन बल्बच्या तापलेल्या तारेतून निळा प्रकाश मुळातच कमी निघतो. त्यामुळे निळसरपणा आणण्यासाठी काचेवर लेप देऊन लाल-पिवळा प्रकाश अडवावा लागतो. लेपामुळे प्रकाशात काहीही भर पडत नाही, उलट घटच होते. ही घट भरून काढण्यासाठी तार अधिक तापवली की बल्बचे आयुष्य कमी होते. ‘जास्त शुभ्र’ म्हणून विकले जाणारे अनेक बल्ब लवकर जातात, त्यामागे हेच कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विनियम ३७ नुसार एच७ बल्बने चाचणीत १५०० लुमेनच्या १० टक्के अलीकडे-पलीकडे प्रकाश दिला पाहिजे. एच४ बल्बच्या डिपर तारेसाठी हे प्रमाण १००० लुमेन व १५ टक्के असे आहे. गडद निळा लेप दिलेल्या बल्बला रंग आणि प्रकाशाचे प्रमाण या दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे कठीण जाते.

रंगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न तारेच्या जागेचा आहे. हेडलाइटमधील परावर्तक आणि काच ही तारेची नेमकी लांबी व स्थान गृहीत धरून घडवलेली असतात. डिपर प्रकाशझोताची वरची धार त्यामुळेच स्पष्ट कापल्यासारखी दिसते आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपत नाहीत. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात झेनॉन किंवा एलईडी बल्ब बसवला की प्रकाशाचा उगम बदलतो आणि ही धार विस्कटते. गाडीत बसलेल्याला रस्ता अधिक उजळल्यासारखा वाटतो, पण समोरून येणाऱ्याला काही क्षण काहीच दिसत नाही. डी२एस हा झेनॉन बल्ब ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० लुमेन प्रकाश देतो. म्हणून २००० लुमेनहून अधिक प्रकाशस्रोत असलेल्या डिपर दिव्यांना संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत झोताची उंची आपोआप समतल करणारी यंत्रणा आणि काच धुण्याची सोय आवश्यक मानली गेली. बाजारातून आणून बसवलेल्या संचात या दोन्ही गोष्टी सहसा नसतात.

फ्रान्समधील पिवळे दिवे

एखाद्या देशाने पांढऱ्याऐवजी रंगीत हेडलाइट सक्तीची केल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रान्सचे आहे. तेथे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निवडक पिवळा’ प्रकाश अनिवार्य झाला. निळा व जांभळा भाग गाळून टाकलेल्या प्रकाशाने डोळे कमी दिपतात व कमी थकतात, असे कारण तेव्हा पुढे करण्यात आले. युद्धकाळात फ्रेंच वाहने ओळखता यावीत म्हणून हा नियम आला, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. पण नियमामागची नोंदलेली भूमिका दिपण्याविषयीचीच आहे. पिवळ्या काचेचे किंवा पिवळ्या आवरणाचे बल्ब अनेक दशके फ्रेंच गाड्यांची ओळख बनून राहिले.

पिवळ्या प्रकाशाच्या फायद्याबद्दल एकमत कधीच झाले नाही. गाळणीमुळे काही प्रकाश वाया जातो, हे विनियम ३७ मध्येही गृहीत धरले आहे. निवडक पिवळ्या बल्बने त्याच प्रकारच्या पांढऱ्या बल्बच्या किमान ८५ टक्के प्रकाश द्यावा, अशी अट त्यात आहे. धुक्यात पिवळा प्रकाश अधिक दूर जातो, हा समजही शास्त्राच्या कसोटीवर फारसा टिकत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. घाटातल्या धुक्यात फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो त्याच्या खालच्या जागेमुळे आणि रुंद, चपट्या झोतामुळे. युरोपीय नियमांशी जुळवून घेताना फ्रान्सने १९९३ पासून नव्या गाड्यांना पांढरे दिवे लागू केले. जुन्या गाड्यांना पिवळे दिवे ठेवण्याची मुभा राहिली.

इतर देशांतील नियम

रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात हेडलाइटसाठी पांढरा किंवा निवडक पिवळा रंग मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारात सहभागी असलेल्या देशांत मान्यताप्राप्त बल्बवर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक छापलेला असतो. हे चिन्ह नसलेला बल्ब विकत मिळाला, तरी तो रस्त्यावर वापरता येईलच असे नाही.

ब्रिटनमध्ये १९८९ च्या वाहन प्रदीपन विनियमांनुसार हेडलाइटचा प्रकाश पांढरा किंवा पिवळा असावा लागतो. १ एप्रिल १९८६ पासून प्रथम वापरात आलेल्या मोटारींच्या हॅलोजन दिव्यांत झेनॉन वा एलईडी बल्ब बसवलेला आढळल्यास वार्षिक तपासणीत गाडी नापास केली जाते. जपानमध्ये १ जानेवारी २००६ पासून तयार झालेल्या गाड्यांना फक्त पांढरे हेडलाइट चालतात. त्यापूर्वीच्या गाड्यांना फिकट पिवळाही चालतो. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बांना परवानगी मिळू लागली. मात्र ती बल्ब आणि गाडीचे विशिष्ट मॉडेल अशा जोडीला मिळते, सरसकट नव्हे.

अमेरिकेत संघराज्याचे सुरक्षा मानक क्रमांक १०८ हेडलाइटचा प्रकाश पांढरा असावा असे सांगते. हे मानक प्रामुख्याने उत्पादक व विक्रेत्यांना बांधते. सुरक्षासाधन निकामी करण्यास मनाई करणारे संघराज्याचे कलमही उत्पादक, वितरक, विक्रेते व दुरुस्ती करणारे यांसारख्या व्यावसायिकांनाच लागू आहे. मालकाने घरी स्वतः बल्ब बदलला तर तो राज्याच्या कायद्याचा विषय होतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत पुढून दिसणारा प्रकाश पांढरा किंवा पिवळा असावा, असे म्हटले आहे. निळा प्रकाश अनेक राज्यांत पोलीस व तातडीच्या वाहनांशी जोडलेला असल्याने निळसर हेडलाइटवर तेथे अधिक कटाक्ष असतो.

भारत

भारत १९५८ च्या करारात सहभागी नाही, परंतु मोटार उद्योगासाठीची भारतीय मानके बऱ्याच अंशी संयुक्त राष्ट्रांच्या विनियमांवर बेतलेली आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत या विषयाशी संबंधित तरतुदी विखुरलेल्या आहेत. नियम १०८ नुसार, काही अपवाद वगळता, वाहनाच्या पुढच्या बाजूस लाल प्रकाश आणि मागच्या बाजूस लालखेरीज अन्य प्रकाश दाखवता येत नाही. मान्यवरांच्या गाड्यांवरील लाल दिव्याचा अपवाद १ मे २०१७ पासून काढून टाकण्यात आला.

डोळे दिपण्याविषयीची तरतूद नियम १०६ मध्ये आहे आणि ती बरीच नेमकी आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस प्रकाशाने दिपवता कामा नये, इतका झोत खाली वळवलेला असावा. हा नियम रंगाबद्दल काही बोलत नाही. साध्या पांढऱ्या, पण ९०/१०० किंवा १००/१३० वॅटच्या बल्बने त्याचा भंग होण्याची शक्यता फिकट पिवळ्या ६०/५५ वॅटच्या बल्बपेक्षा कितीतरी अधिक असते. भारतीय रस्त्यांवर रंगापेक्षा जादा वॅटचे बल्ब हीच जुनी डोकेदुखी आहे. हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका किंवा वरच्या अर्ध्या भागावर रंगाचा पट्टा ओढण्याची एके काळची पद्धत याच त्रासातून आली होती.

अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील फेरफारांविषयी आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. बल्बचा प्रकार नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला नसतो. म्हणून केवळ बल्ब बदलणे या कलमात मोडते का, याचे उत्तर कलमाच्या शब्दांतून सरळ मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२क मध्ये मात्र सुटे भाग नव्याने बसवून केलेल्या अननुज्ञात बदलांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला, पण मानकात न बसणारा भाग विकणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ज्या नियमभंगासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्यांना कलम १७७ लागू होते. त्याखाली पहिल्या वेळी ५०० व त्यानंतर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाजवळ रंगाचे निर्देशांक मोजण्याचे साधन सहसा नसते. गडद निळा वा जांभळा झोत डोळ्यांना लगेच ओळखू येतो, परंतु सीमेवरचा निळसर-पांढरा प्रकाश वैध की अवैध हे नुसते पाहून ठरवता येत नाही.