चाकांवरच्या घरातली बॅटरी

यंत्र जितके कमी वापरावे तितके ते अधिक दिवस टिकते, असा आपला ढोबळ समज असतो. शिसे-आम्ल बॅटरी हा समज खोटा ठरवते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे मोटरहोम. बस किंवा ट्रकच्या सांगाड्यावर उभारलेले हे घर अमेरिकेत आणि युरोपात रस्तोरस्ती दिसते. त्यात झोपण्याची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, पंप आणि दिवे असतात. उन्हाळ्यात कुटुंब त्यातून भटकंती करते आणि थंडीचे चार-पाच महिने गाडी घरामागे उभी राहते. शरद ऋतूत ठणठणीत असलेली बॅटरी वसंतात मेलेली आढळते, ही तिथली नेहमीची तक्रार आहे. या काळात ती कोणी वापरलेली नसते. मग ती मरते कशाने?

या प्रश्नाचे उत्तर बॅटरीच्या घडणीत आहे आणि ती घडण समजण्यासाठी दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

शिशाचे भेंडोळे

व्होल्टाचा विद्युतघट १८०० साली आला. पण त्यातील धातू एकदा झिजला की घट संपत असे. वीज साठवून ठेवता येईल आणि संपल्यावर पुन्हा भरता येईल, असा पहिला उपयुक्त घट १८५९ साली गास्ताँ प्लान्टे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने तयार केला. याच प्लान्टेला १८५५ मध्ये पॅरिसजवळ एका प्रचंड नामशेष पक्ष्याचे अवशेष सापडले होते. त्याच्या नावावरून त्या पक्ष्याला ‘गास्टॉर्निस’ म्हणतात.

प्लान्टेची रचना अगदी साधी होती. शिशाचे दोन पत्रे घ्यायचे, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवायच्या, त्यांची गुंडाळी करायची आणि ती विरल गंधकाम्लात बुडवायची. वीज सोडली की एका पत्र्यावर तपकिरी रंगाचा लेड डायॉक्साइडचा थर चढतो आणि दुसरा पत्रा शिशाचाच राहतो. आता बाहेरून तार जोडली की उलट दिशेने वीज वाहू लागते.

अडचण अशी होती की गुळगुळीत पत्र्यावर थर फारच पातळ बसे. म्हणून प्लान्टे तो घट पुन:पुन्हा भरत असे आणि उतरवत असे. प्रत्येक फेरीत पृष्ठभाग अधिक खडबडीत आणि सच्छिद्र होई व साठवणक्षमता वाढत जाई. या ‘घडवणीला’ महिनोन्‌महिने लागत. शिवाय तेव्हा व्यवहारोपयोगी डायनॅमो नसल्यामुळे भरण्यासाठी वीज दुसऱ्या घटांतूनच घ्यावी लागे. त्यामुळे वीस वर्षे हा शोध प्रयोगशाळेतच राहिला.

शेंदूर आणि जाळी

१८८१ मध्ये कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाने महिनोन्‌महिन्यांचे काम सोपे केले. पत्र्यावर थर चढण्याची वाट पाहण्याऐवजी त्याने शिशाच्या ऑक्साइडाचे लुकण पत्र्यावर थापले. हे ऑक्साइड आपल्या परिचयाचे आहे. मारुतीला लावतात तो शेंदूर परंपरेने याच पदार्थाचा असे. त्याच वर्षी फोरच्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्याकडे आली. सुमारे घनफूटभर आकाराच्या त्या पेटीत दहा लाख फूट-पौंड ऊर्जा होती आणि या गोष्टीचे तेव्हा मोठे नवल झाले. आजच्या हिशेबाने ती ऊर्जा जेमतेम ०.३८ युनिट भरते. हे गणित विद्यार्थ्यांना करायला देण्याजोगे आहे.

लुकण सपाट पत्र्यावरून गळून पडे. म्हणून पत्र्याऐवजी जाळी वापरण्याची आणि तिच्या भोकांत लुकण भरण्याची कल्पना पुढे आली. शुद्ध शिसे मऊ असते. जाळी ताठ राहावी म्हणून इंग्लंडमध्ये जॉन सेलन यांनी १८८१ मध्येच शिशात अँटिमनी मिसळली. पुढल्याच वर्षी ग्लॅडस्टन आणि ट्राइब या रसायनशास्त्रज्ञांनी घटात नेमके काय घडते ते सांगितले. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवरील द्रव्याचे लेड सल्फेट होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. भरताना हे सारे उलट घडते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आहे. उतरलेली बॅटरी म्हणजे सल्फेटाने माखलेली बॅटरी. ताज्या सल्फेटाचे कण अतिसूक्ष्म असतात आणि भरताना ते सहज विरघळून पुन्हा शिसे व लेड डायॉक्साइड बनतात. बॅटरी त्याच स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर लहान कण विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमू लागतात. मोठे स्फटिक विजेला दाद देत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

बॅटरी वापरानेही झिजते, हे खरे. पण अनेक बॅटऱ्या त्याआधीच अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने मरतात.

एक रसायन, दोन कामे

मोटारीला आधी बॅटरीची फारशी गरज नव्हती, कारण हँडल मारून इंजिन सुरू करत. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने झोपण्याची सोय असलेली ‘टूरिंग लँडो’ ही मोटार काढली. तिला मोटरहोमची पूर्वज मानतात. विजेवरचा स्टार्टर त्यानंतर दोन वर्षांनी आला. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला हा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसवला गेला आणि बॅटरी मोटारीचा अविभाज्य भाग बनली.

स्टार्टरला क्षणभरच पण प्रचंड प्रवाह लागतो. समजा, तीन सेकंद २०० अँपिअर प्रवाह घेतला. हा विद्युतभार ६०० कूलोम, म्हणजे सुमारे ०.१७ अँपिअर-तास झाला. बॅटरीच्या पोटातून एक घोटसुद्धा गेला नाही! पण इतका प्रवाह एकदम मिळायचा तर पृष्ठभाग मोठा हवा. म्हणून स्टार्टरच्या बॅटरीत पुष्कळ पातळ पट्ट्या असतात.

घराचे काम याच्या नेमके उलट असते. दिवे, पंखा आणि पंप मिळून पाच अँपिअर प्रवाह दहा तास घेतला, तर पन्नास अँपिअर-तास होतात. हे स्टार्टरच्या तीनशे पट झाले. प्रवाह मंद, पण उपसा खोल. पातळ पट्ट्यांना हा उपसा सोसत नाही, त्यांवरील लुकण सुटून तळाशी गाळ होऊन बसते. इथे जाड पट्ट्या लागतात. आपल्याकडे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती ‘ट्युब्युलर’ बॅटरी याच कामासाठी असते. तिच्यात द्रव्य सुटू नये म्हणून धन पट्टीचे द्रव्य सच्छिद्र नळ्यांत भरलेले असते.

१९५१ पासून जर्मनीत फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये संसार मांडला जाऊ लागला आणि १९६६ पासून अमेरिकेतील आयोवा राज्यात विनेबेगो कंपनीने मोटरहोम कारखान्यात मोठ्या संख्येने तयार करायला सुरुवात केली. मोटरहोममध्ये दोन स्वतंत्र बॅटऱ्या ठेवण्याची पद्धत रूढ झाली. एक इंजिनाची आणि दुसरी घराची. दोन्ही भरायच्या एकाच जनित्राने, पण रात्री दिवे जळाले तरी इंजिनाची बॅटरी उतरता कामा नये. यासाठी प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड मध्ये बसवले गेले. युक्ती नामी होती. पण सिलिकॉनच्या डायोडमधून जाताना प्रवाह सुमारे ०.७ व्होल्ट गमावतो. जनित्र १४.२ व्होल्ट देत असेल तर घराच्या बॅटरीपर्यंत साडेतेराच पोहोचतात. एवढ्यात ती पूर्ण भरत नाही. दिवसभर गाडी चालवूनही तिच्या पट्ट्यांवर थोडे सल्फेट शिल्लकच राहते आणि हे रोज घडले की बॅटरी अकाली जाते. अनेकांनी अशा वेळी बॅटरी बदलली. दोष मात्र जोडणीत होता.

देखभाल कशाची?

जुन्या पद्धतीच्या बॅटरीची देखभाल तीन गोष्टींची असते. पहिली पाण्याची. भरण्याच्या शेवटच्या टप्प्यात पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात. पातळी खाली गेली की उघड्या पडलेल्या पट्ट्या खराब होतात. म्हणून वेळोवेळी ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. आम्ल कधीही घालायचे नाही, कारण उडून गेलेले असते ते पाणी. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने बॅटरीच्या कप्प्याला हवेशीर वाट हवी. चाकांवरच्या घरात माणसे बॅटरीशेजारीच झोपतात, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे महत्त्व कळते.

दुसरी गोष्ट मोजणीची. आम्ल खर्ची पडत असल्याने त्याचे विशिष्ट गुरुत्व हीच बॅटरीची नाडी. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते १.२७ च्या आसपास आणि उतरलेल्या बॅटरीत १.१२ च्या आसपास असते. हायड्रोमीटर हाती नसेल तर व्होल्टमीटर चालतो. काही तास स्वस्थ ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ दाखवत असेल तर निम्मी.

तिसरी गोष्ट भरून ठेवण्याची. उभ्या गाडीतही घड्याळ, गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र अशी उपकरणे वीज घेत असतात. ५० मिलिअँपिअर प्रवाह क्षुल्लक वाटतो, पण तीस दिवसांत तो ३६ अँपिअर-तास खातो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी तीन महिने पुरायची नाही. त्यात थंडीची भर पडते. भरलेल्या बॅटरीतले तीव्र आम्ल उणे ५० अंश सेल्सिअसलाही द्रव राहते, पण उतरलेल्या बॅटरीत बहुतांशी पाणीच उरते आणि ते उणे १० अंशांच्या आसपास गोठू लागते. मग बॅटरीचे खोकेच फुटते. वसंतातल्या त्या मृत्यूचे कारण हे असे आहे. गाडी उभी करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरायची, तारा सोडवायच्या आणि अधूनमधून पुन्हा भरायची, एवढ्याने तो टळतो.

पाणी न मागणारी बॅटरी

माणूस विसरतो, हे ध्यानात घेऊन संशोधकांनी देखभालच कमी करण्याचे प्रयत्न केले. जाळी ताठ करणारी अँटिमनी हळूहळू ऋण पट्टीवर जाऊन बसते आणि तिथे हायड्रोजन सुटणे सोपे करते. म्हणजे पाणी घटण्याचे एक कारण तीच होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हेरिंग आणि टॉमस यांनी १९३५ मध्ये अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरून पाहिले. दूरध्वनी केंद्रांसाठी झालेले हे काम १९७० च्या दशकात मोटारींच्या ‘देखभालमुक्त’ बॅटऱ्यांत उतरले. १९५७ मध्ये जर्मनीत ओटो याखे यांनी सिलिका घालून आम्लाची जेली केली. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत डेव्हिट आणि मॅक्लेलंड यांनी काचतंतूंच्या टीपकागदासारख्या थरात आम्ल शोषून ठेवले. अशा बॅटरीत धन पट्टीवरचा ऑक्सिजन ऋण पट्टीकडे जाऊन पुन्हा पाणी बनतो. बॅटरी आडवी ठेवली तरी सांडत नाही.

पुढे रसायनच बदलले. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्यासह अक्षय पाढी आणि किराकोडू नंजुंडस्वामी या भारतीय वंशाच्या संशोधकांनी लिथियम लोह फॉस्फेट या पदार्थाविषयीचे काम प्रसिद्ध केले. मोटरहोममध्ये आज हीच बॅटरी झपाट्याने शिरते आहे. ती वजनाला हलकी असते, खोल उपसा सोसते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी सल्फेट धरत नाही, कारण तिच्यात सल्फेट नसतेच.

तरीही देखभाल नाहीशी झाली नाही, तिचे रूप पालटले. बंद बॅटरी जादा व्होल्टने भरली तर तिच्यातले पाणी जाते आणि ते परत घालता येत नाही. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली भरली तर ऋण अग्रावर लिथियम धातूचा थर बसून ती बिघडते. पूर्वी पाणी घालणाऱ्या माणसाकडे असलेले काम आता चार्जरकडे आणि बॅटरीतल्या इलेक्ट्रॉनिक रक्षकाकडे गेले आहे. म्हणूनच बॅटरीचा प्रकार बदलताना चार्जरही तिला साजेसा आहे ना, हे पाहावे लागते. तसेच एकत्र जोडलेल्या बॅटऱ्या एकदमच बदलाव्यात. जुनी थकलेली बॅटरी नव्या बॅटरीला आपल्यासोबत खाली ओढते.

जुनी बॅटरी जाते कुठे?

शिशाच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते आणि ते जवळजवळ सगळे परत मिळवता येते. योग्य कारखान्यात हे काम झाले तर ही बॅटरी पुनर्वापराचा आदर्श ठरते. अंगणात भट्टी पेटवून झाले तर ते विष ठरते. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचे काम घरोघरी चाले. २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथे अठरा मुले दगावली. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर आघात करते आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. भारतात जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी विक्रेत्या-उत्पादकांवर टाकली. त्यांची जागा २०२२ मध्ये नव्या नियमांनी घेतली. भंगारवाल्याने दिलेल्या चार जादा रुपयांची खरी किंमत कुणाचे तरी मूल मोजते, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

प्लान्टेचा प्रयोग प्रयोगशाळेत सहज करता येतो, मात्र तो शिक्षकांनीच करून दाखवावा. विरल गंधकाम्लात शिशाच्या दोन पट्ट्या उभ्या करा (आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात नव्हे). साडेचार व्होल्टची वीज दहा मिनिटे द्या. एक पट्टी तपकिरी होईल. वीज काढून व्होल्टमीटर जोडला की सुमारे दोन व्होल्ट दिसतील. पट्ट्यांना हात लागल्यास तो साबणाने धुवावा आणि उरलेला द्राव मोरीत न ओतता पुढच्या प्रयोगासाठी बंद बाटलीत ठेवावा. घट भरून आणि उतरवून पाहा. दर फेरीला तो थोडा अधिक वेळ टिकतो, हे विद्यार्थ्यांना घड्याळ लावून मोजू द्या.